अर्जुन आडजात कसा? वृक्षतोडीचे नियम आणि आपले कर्तव्य

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. पांचाल देशात, कांपिल्य नगरीजवळ, गंगातीरावरील वनात ग्रीष्माच्या अखेरच्या मासात शिष्यांसह फिरत असता भगवान पुनर्वसु आत्रेयांनी अग्निवेशास एक सूचना केली. भूमी विरस होण्यापूर्वी, औषधींचे रस, वीर्य, विपाक व प्रभाव नष्ट होण्यापूर्वी त्या काढून घेऊन ठेव, असा त्या सूचनेचा आशय. पुढे वायू, उदक, देश व काल या चार भावांच्या दुष्टीमुळे संपूर्ण जनपदे कशी व्याधिग्रस्त होतात याचे विवेचन येते. महाविद्यालयात हा अध्याय आपण साथीच्या रोगांचा अध्याय म्हणून शिकलो आणि पुढे तसाच शिकवला. तथापि आत्रेयांच्या उपदेशाचा आरंभ चिकित्सेने होत नाही, औषधी वेळीच संग्रहित करण्याच्या तातडीने होतो, ही गोष्ट आमच्या ध्यानात फार उशिरा आली. आणि आली तीही एका नदीच्या तीरावरच.

भंडारा शहरातून महामार्गाने रायपूरच्या दिशेने निघाले की वैनगंगेचा पूल ओलांडताच कारधा लागते. पावसाळ्यात या गावाचे नाव जिल्ह्यात सर्वांच्या तोंडी असते, कारण वैनगंगेची पातळी कारध्याच्या पुलापाशी मोजली जाते आणि धोक्याची खूण किती दूर राहिली ते तेथून कळते. २०२० च्या ऑगस्टअखेर आलेल्या महापुरात भंडारेकरांनी त्या आकड्यांकडे कसे डोळे लावले होते, हे येथील वैद्यबंधूंना सांगणे नको. पाण्याची मोजणी अशी काटेकोर होते. त्याच तीरावर उभ्या असलेल्या आणि एकामागून एक आडव्या होत असलेल्या औषधी वृक्षांची मोजणी मात्र कोणी करीत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तो आहे.

या तीरावरील भूमीचे रूप गेल्या काही दशकांत वेगाने पालटले. पवनीजवळच्या गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. त्या जलाशयाचा फुगवटा आज भंडारा-कारध्यापर्यंत जाणवतो. पूर्वी सहा क्रमांकाने ओळखला जाणारा आणि आता ५३ क्रमांकाचा झालेला महामार्ग टप्प्याटप्प्याने रुंद होत गेला. रस्ता रुंद झाला की त्याच्या काठची शेते अकृषक होतात, बांध सपाट होतात आणि चुन्याच्या रेघा मारून भूखंड पडतात. आम्ही विकासाचे विरोधक नाही. आमचे रुग्ण याच रस्त्याने येतात, आमच्या औषधांच्या पेट्या याच रस्त्याने जातात. प्रश्न एवढाच आहे की ही भूमी मोकळी करताना जे तोडले जाते त्याची नोंद कशी होते, आणि त्या नोंदीत आपल्या शास्त्राला काही स्थान आहे की नाही.

एक प्रसंग सांगतो. वैशाखातील गोष्ट. कारध्याच्या शिवारात नाल्याच्या काठी एका शेताचे भूखंड पडत होते. तेथील एक जुना अर्जुन, आमच्या भागात ज्यास कहू म्हणतात तो, आदल्या दिवशी पाडला होता. दोन माणसांच्या कवेत मावणार नाही असा बुंधा. खोडाचे तुकडे विटाभट्टीकडे निघाले होते आणि सालीचे हातभर लांबीचे पापुद्रे मातीत तुडवले जात होते. आम्ही ठेकेदारास विचारले, तोडीच्या कागदावर या झाडाचे नाव काय लिहिले आहे? तो म्हणाला, ‘आडजात.’ साल हवी असल्यास घेऊन जा, तेवढीच साफसफाई होईल, असेही तो म्हणाला. परंतु ती साल गाडीत घालून नेण्यास वाहतुकीचा परवाना लागेल काय, हे त्यास ठाऊक नव्हते आणि आम्हांसही खात्रीने सांगता येईना. आम्ही रिकाम्या हाताने परतलो. त्याच सायंकाळी आमच्या छोट्या रसशाळेसाठी आम्ही व्यापाऱ्याकडे दोन क्विंटल अर्जुनसालीची मागणी नोंदवली. ती साल कोणत्या अरण्यातील, कोणत्या जिवंत वृक्षाची, हे आम्ही त्यास विचारले नाही. पूर्वीही कधी विचारले नव्हते.

‘आडजात’ हा शब्द लाकडाच्या व्यवहारातील आहे. सागवान आणि इतर किमती लाकूड वगळता उरते ते सारे आडजात. लाकडाच्या बाजाराने केलेली ही वर्गवारी आपल्या वृक्षविषयक नियमांत किती खोल गेली आहे, हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते.

ग्रामीण भागातील खाजगी जमिनीवरील तोडीस महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू होतो. त्याच्या अनुसूचीत हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ, बिजा, हळदू आणि खारफुटी अशी १६ नावे आहेत. यातील हिरडा, खैर, चंदन, जांभूळ, बिजा ही आपलीच द्रव्ये आहेत, हे मान्य. परंतु त्रिफळ्यातील हिरडा अनुसूचीत आहे, बेहडा व आवळा नाहीत. बृहत्पंचमुळातील बेल, अग्निमंथ, टेंटू, पाडळ व शिवण या पाचांपैकी एकही नाही. कडुनिंब नाही, पळस नाही, बिबा नाही, कुडा नाही. आणि अर्जुन नाही.

या यादीची उणीव समजण्यास भैषज्यरत्नावलीतील पार्थाद्यरिष्ट, म्हणजेच आपण नित्य वापरतो तो अर्जुनारिष्ट, पुरेसा आहे. द्राक्षा व गूळ वगळता त्यातील प्रमुख वनस्पतिद्रव्ये तीन: अर्जुनाची साल, मोहाची फुले आणि धायटीची फुले. तिन्ही भंडारा जिल्ह्याच्या मातीतील. यांपैकी मोह अनुसूचीत आहे. अर्जुन अनुसूचीत नसल्याने त्या अधिनियमाची परवानगी त्यास लागत नाही. धायटी हे झुडूप. ते वृक्षांच्या गणतीतच येत नाही, भूमी ‘साफ’ करताना यंत्राच्या पहिल्याच फेऱ्यात जाते. एका अरिष्टाच्या तीन द्रव्यांपैकी एकाची नोंद, एकाची उपेक्षा आणि एकाचे अस्तित्वच अमान्य. कोसा रेशमाच्या बाबतीतही असेच घडते. आपल्या जिल्ह्यातील कोशांचे किडे ऐन व अर्जुन या दोन्ही वृक्षांवर पोसले जातात. त्यांपैकी ऐन अनुसूचीत आहे, अर्जुन नाही.

नदी ओलांडून पश्चिमेस भंडारा नगरपरिषदेच्या हद्दीत आलो की कायदा बदलतो. तेथे महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. त्यानुसार वृक्ष प्राधिकरण असते, तोडीपूर्वी जाहीर सूचना देऊन हरकती मागवाव्या लागतात. २०२१ च्या सुधारणेने ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडास ‘वारसा वृक्ष’ ही संज्ञा दिली आणि तोडल्या जाणाऱ्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावण्याचे तत्त्व स्वीकारले. हे पाऊल निश्चितच स्वागतार्ह आहे. परंतु येथेही मोजले जाते ते वय व संख्या. ६० वर्षांच्या अर्जुनाच्या मोबदल्यात ६० झाडे लावली, पण त्यांत अर्जुन एकही नाही, असे झाले तरी हिशेब जुळतो. शिवाय जो वृक्ष पश्चिम तीरावर वारसा ठरेल तोच पूर्व तीरावर, पुलापलीकडे कारध्याच्या शिवारात, आडजात ठरतो. अर्जुन मात्र दोन्ही तीरांवर सारखाच हृद्य आहे.

आणखी एक विसंगती आहे, आणि ती औषधनिर्मात्यांनी विशेष लक्षात घ्यावी. भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये वनोपजाची जी व्याख्या आहे तिच्यात काही वस्तू वनातून आलेल्या असोत वा नसोत, वनोपजच गणल्या जातात. साल, मोहाची फुले आणि हिरडा त्यांत येतात. अर्थात, शेतातील अर्जुन उभा असेपर्यंत त्याची दखल घेणारे कोणी नाही. त्याची साल पोत्यात भरली की ती वनोपज होते आणि तिच्या वाहतुकीचा प्रश्न उभा राहतो. नियमाच्या हेतूबद्दल आमची तक्रार नाही. चोरटी साल रोखण्यास असा नियम हवाच. पण परिणाम असा होतो की रीतसर तोडलेल्या झाडाची साल मातीत जाते आणि बाजारातील मागणी जिवंत झाडांच्या सालीवर भागते.

पूर्व विदर्भातील ‘झुडपी जंगल’ या महसुली संज्ञेचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पूर्ण होणार नाही. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या सहा जिल्ह्यांत अशा नोंदीच्या जमिनी आहेत. ज्या जमिनीवर मोठे इमारती लाकूड नाही, ती निकामी, कोणत्याही प्रकल्पास देण्याजोगी, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, १२ डिसेंबर १९९६ च्या आपल्या आदेशास अनुसरून, झुडपी जंगलाच्या जमिनी वन मानल्या जातील असे स्पष्ट केले. १२ डिसेंबर १९९६ पूर्वीच्या वाटपांच्या नियमिततेचा मार्गही त्या निकालात दाखवला आहे. वकील मंडळी व महसूल अधिकारी या निकालाची चर्चा जमिनीच्या दृष्टीने करतात. आपण द्रव्यगुणाच्या दृष्टीने विचार केला पाहिजे. झुडूप म्हणजे खुरटलेला वृक्ष नव्हे. धायटी, मुरुडशेंग, निर्गुडी, शतावरी, गुळवेल, भुईआवळा, तरोटा ही द्रव्ये उंच सागवनाच्या दाट सावलीपेक्षा अशा मोकळ्या, झुडपी भूमीवर व बांधांवर सहज आढळतात. लाकडाच्या दृष्टीने जी भूमी निकामी, ती वैद्याच्या दृष्टीने भांडार असू शकते.

तोडीच्या मोबदल्यात केल्या जाणाऱ्या लागवडीविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. राज्यात २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी वृक्षांच्या लागवडीचे संकल्प जाहीर झाले. त्या उत्साहाचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. तथापि नव्या वसाहतींच्या कुंपणालगत आपण काय पाहतो? ‘अशोक’ म्हणून रांगेने लावलेली जी उंच, सरळ, लोंबत्या पानांची झाडे दिसतात, तो आपला अशोक नव्हे. तो आसोपालव. स्त्रीरोगांत आपण ज्याची साल योजतो तो सीताअशोक वेगळा, आणि तो आता दुर्मिळ होत चालला आहे. खऱ्या अशोकाच्या सालीत आसोपालवाच्या सालीची भेसळ होते हे द्रव्यगुणाचा प्रत्येक अध्यापक सांगतो. म्हणजे लागवडीच्या नोंदवहीतील नावाची चूक अखेर आपल्या खलबत्त्यात येऊन पडते. रोपाचे नाव केवळ ‘अशोक’ असे लिहून भागत नाही. शास्त्रीय नाव लिहिले पाहिजे, आणि ते वाचून खात्री करणारा कोणी जाणकार तेथे असला पाहिजे.

येथवर आम्ही नियमांतील उणिवा सांगितल्या. आता स्वतःकडे वळणे प्राप्त आहे. गेल्या अनेक वर्षांत भूखंडांसाठी झालेल्या तोडीवर आपल्यापैकी किती जणांनी हरकत नोंदवली? किती जण ग्रामसभेस गेले? काष्ठौषधींच्या बाजारात आपण भाव विचारतो, ओलावा पाहतो, फार झाले तर तुकडा मोडून आतील रंग पाहतो. साल कशी काढली हे आपण विचारीत नाही. अर्जुनाची बाहेरील साल उभ्या पट्ट्यांनी, बेताने घेतली तर ती कालांतराने भरून येते. बुंध्याभोवती कडे काढल्यासारखी सोलली तर वृक्ष उभ्याउभ्या वाळतो. दशमुळासाठी मुळे खणली की वृक्षच संपतो. म्हणूनच मुळाऐवजी खोडाची साल किंवा कोवळ्या फांद्या चालतील काय, याचा विचार आपल्या क्षेत्रात सुरू झाला आहे. २४ नोव्हेंबर २००० रोजी केंद्र शासनाने राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन केले. लागवडीच्या योजना आल्या. पण वृक्षद्रव्यांची लागवड आज केली तर उपयोग पुढील पिढीस. आज जे उभे आहे तेच आजचे औषध. ते विटाभट्टीत जात असता आपण मौन राखणार असू, तर कच्च्या मालाच्या टंचाईविषयी सभांतून ठराव करण्याचा आपणांस अधिकार राहत नाही.

मग मागावे काय? अनुसूचीत अर्जुन, बेहडा, बेल, शिवण अशी आणखी २० नावे घाला, ही मागणी प्रथमदर्शनी सरळ दिसते. आम्ही स्वतः काही काळ त्याच मताचे होतो. शेतकरी मित्रांशी बोलल्यावर आमचे मत बदलले. ज्या झाडास परवानगीचे झेंगट, ते झाड शेतकरी बांधावर वाढूच देत नाही. रोप बोटभर असतानाच उपटतो. औषधी वृक्ष अनुसूचीत घालून आपण त्याचा बांधावरचा आसरा घालवू, अशी भीती आहे. म्हणून स्वतःच्या गरजेपुरते एखादे झाड तोडणाऱ्या शेतकऱ्यावर नवे बंधन नको. बंधन हवे ते जेथे भूमीचा उपयोगच पालटतो तेथे: रस्ता, भूखंड, उद्योगवसाहत, कालवा. अशा प्रकल्पांसाठी आमच्या चार सूचना आहेत.

पहिली सूचना नोंदीची. प्रकल्पाच्या भूमीवरील वृक्षांचा जो पंचनामा होतो त्यात ‘आडजात’ किंवा ‘इतर’ हा शब्द चालू नये. प्रत्येक वृक्षाचे स्थानिक नाव, शास्त्रीय नाव आणि औषधी उपयुक्त अंग यांचा रकाना असावा. झुडपे, वेली व कंद यांची स्वतंत्र यादी जोडावी. हे काम आयुर्वेद महाविद्यालयांतील द्रव्यगुण विभाग आनंदाने करतील. पदव्युत्तर विद्यार्थ्यांस यापरता चांगला अभ्यास नाही.

दुसरी सूचना काळाची. चरकांच्या कल्पस्थानात संग्रहणकाल दिला आहे. साल, कंद व क्षीर शरदात, मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, सार हेमंतात, फुले व फळे आपापल्या ऋतूत. मोजणी, भूसंपादन, निविदा यांत मोठ्या प्रकल्पाची वर्षे जातात. इतक्या अवधीत एक शरद राखून ठेवणे अशक्य नाही. तोडीची तारीख ठरवताना निदान फळे पक्व होऊन बीज गोळा करता येईल एवढी सवड द्यावी.

तिसरी सूचना द्रव्याच्या विनियोगाची. रीतसर तोडलेल्या औषधी वृक्षाची साल, मूळ, फळे इत्यादी अंगे नोंदणीकृत औषधनिर्मात्यास वा महाविद्यालयास निश्चित दराने मिळावीत, आणि त्यांच्या वाहतुकीचा परवाना तोडीच्या आदेशासोबतच, त्याच टेबलावर मिळावा. येथे एका धोक्याची जाणीव आम्ही स्वतःच देतो. तोडीतून साल मिळू लागली तर औषधनिर्माताच तोडीस अनुकूल होईल. म्हणून ज्यास माल मिळणार त्याने पंचनाम्यावर स्वाक्षरी करू नये, आणि मालाचे मूल्य त्याच गावच्या लागवडीस जावे. दुसरी दक्षता शुद्धतेची. महामार्गाच्या अगदी कडेचा वृक्ष वाहनांचा धूर व धूळ वर्षानुवर्षे झेलतो. वनौषधींच्या निर्यातीसाठी १ जानेवारी २००६ पासून जड धातूंची चाचणी अनिवार्य झाली आहे. शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत १० भाग आहे. देशातील रुग्णास आपण त्याहून कमी प्रतीचे द्रव्य देऊ नये. रस्त्याकडेची साल चाचणीवाचून घेऊच नये. शेतातील व नाल्याकाठच्या वृक्षांस प्राधान्य द्यावे.

चौथी सूचना भरपाईची. जी जात गेली तीच जात, त्याच परिसरातील बीजापासून, परत लावली जावी. आपल्या जिल्ह्यात यासाठी जागेची उणीव नाही. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले मालगुजारी तलाव गावोगाव आहेत. अर्जुन हा ओलाव्याचा वृक्ष. तलावाच्या सांडव्याखालचा नाला, नदीचे व ओढ्यांचे काठ ही त्याची स्वाभाविक स्थाने होत. महामार्गाच्या दुभाजकात कण्हेर लावून नदीकाठच्या अर्जुनाची भरपाई झाली असे म्हणता येणार नाही.

यावर कोणी म्हणेल, शासन ऐकणार कधी? त्यास आमचे उत्तर असे की या चार सूचनांची वाट न पाहता आज करण्याजोगे एक काम आपल्या हाती आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत, म्हणजे कारध्यासारख्या ग्रामपंचायतीतही, जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावी, अशी तरतूद आहे. २००४ च्या नियमांनी तर स्थानिक वैद्यांची माहिती ठेवण्याचे कामही या समितीकडे दिले होते. २०२३ च्या सुधारणेत नोंदणीकृत आयुष व्यावसायिकांना काही बाबतींत सूट मिळाली, तेव्हा आपण समाधान व्यक्त केले. सवलत घेताना पुढे होणाऱ्यांनी कर्तव्याच्या वेळी मागे राहू नये. आपल्या गावची नोंदवही उघडून पाहावी. तिच्यात औषधी वृक्षांच्या नोंदी नसतील तर त्या लेखी द्याव्यात व पोच घ्यावी. एखादा प्रकल्प आला असता हरकत घेण्यास आधार लागतो. नोंदवहीतील एक ओळ तो आधार होऊ शकते. नोंद नसलेल्या वृक्षासाठी सभेत कितीही कळवळून बोलले तरी ते केवळ मनोगत ठरते.

आमची सर्व सभासदांस विनंती आहे की येत्या शरदापूर्वी प्रत्येकाने आपल्या दवाखान्याच्या किंवा फार्मसीच्या भोवतालच्या एका कोसातील औषधी वृक्षांची यादी करावी. दहा वृक्ष मिळाले तरी पुरे. जात, जागा, बुंध्याचा घेर, जमीन कोणाची, एवढी माहिती एका कागदावर मावते. एक प्रत ग्रामपंचायतीस वा नगरपरिषदेस द्यावी, एक आपल्या शाखेत ठेवावी. औषधनिर्मात्यांनी पुढील खरेदीच्या मागणीपत्रात एक वाक्य वाढवावे: साल कोठील व कशी काढलेली ते कळवावे. पहिल्या वर्षी व्यापारी हसतील. दहा जणांनी सतत विचारले तर तिसऱ्या वर्षी उत्तर देऊ लागतील, कारण व्यापार मागणीच्या मागे जातो.

कारध्याच्या त्या नाल्याकाठी आम्ही पुन्हा गेलो होतो. भूखंडांच्या रेघा पूर्ण झाल्या आहेत आणि बुंध्याची जागा मुरूम टाकून सपाट केली आहे. नाल्याच्या पलीकडच्या काठास, दुसऱ्या शेतात, त्याच अर्जुनाच्या बीजापासून उगवलेली असावीत अशी तीन तरुण झाडे उभी आहेत. शेतमालकास त्यांचे नाव ठाऊक होते, उपयोग ठाऊक नव्हता. तो आम्ही सांगितला. यादीत आमच्या पहिल्या तीन नोंदी त्याच आहेत. आत्रेयांची आज्ञा पूर्णपणे पाळण्यास आपणांस उशीर झाला आहे हे खरे; तथापि भूमी अद्याप सर्वस्वी विरस झालेली नाही, आणि तोवर नोंद करण्याचे काम आपले आहे.